शिकल

दूध बाजारातून आत, तांबटांच्या ठोक्यांच्या मागे
माझं दुकान. बाहेर पाटी नाही,
आत भिंतीवर परवाना, फ्रेममध्ये.
आडनाव शिकलगार, म्हणजे धंदा नावातच आला.
आजोबा तलवारींना शिकल करायचे,
मी रिव्हॉल्व्हरना, आणि काम नसेल तेव्हा
गल्लीतल्या अडकित्त्यांना.

बाई आल्या मार्चमध्ये.
कापडी पिशवीत वर मेथीची जुडी, खाली बत्तीस बोअर.
"आधी उघडून दाखवा," मी म्हटलं.
चक्री बाहेर काढून त्यांनी फिरवली, सहाही घरं रिकामी.
हात सवयीचा नव्हता, पण चुकला नाही.
परवान्याची वही कोरी करकरीत: रत्नप्रभा दातीर, अंबड.
"आधी ह्यांच्या नावावर होतं. ते गेले दिवाळीच्या आधी."

वर्षानुवर्षं चामड्याच्या कव्हरात ठेवलेलं.
चामडं ओल धरतं, लोकांना माहीत नसतं.
एका अंगाला गंज, थेट शिवणीच्या आकाराचा,
आणि मुठीच्या वर, जिथं अंगठा टेकतो,
घामाच्या मिठानं लोखंड खाल्लेलं.
भिंग लावलं असतं तर रेषा मोजता आल्या असत्या.
मी म्हटलं, काही जण असा डाग राहू द्या म्हणतात,
आठवण म्हणून.
त्या म्हणाल्या, "तिथूनच सुरू करा."

पुढची माशी तुटलेली.
"पडलं होतं का?"
"टेबलावर आपटायचे."
साइटवरच्या टेबलावर की जेवणाच्या,
मी विचारलं नाही.

"रंग कोणता येईल?"
"एकच येतो यावर. काळानिळा."
त्या जरा थांबल्या.
"मग तो पिवळा पडत जातो ना, आठवड्याभरानं?"
"नाही बाई," मी म्हटलं. "लोखंडावर नाही."

दोनशेवीसचा कागद, मग चारशे, मग सहाशे,
हात एकाच दिशेनं, नळीच्या लांबीबरोबर.
नंबराला हात लावायचा नाही,
तो पुसला तर भिंतीवरची फ्रेमही गेली.
मागच्या खोलीत शेगडीवर लांबोडी कढई,
कॉस्टिक उकळायला लागलं की बायको
नाशिकरोडला माहेरी जाते.
आधी तपकिरी, मग कोवळ्या वांग्यासारखं जांभळट,
तिथं घाबरून बाहेर काढायचं नाही,
अजून वीस मिनिटं.
जुनी माशी कापली, खाच घेतली,
नवी पात बसवली, टोकाला लाल ठिपका,
आणि मागची खाच कानशीनं जराशी रुंद,
चाळिशी लागलेल्या डोळ्यांना जमेल एवढी.

न्यायला आल्या तेव्हा वाळूच्या पोत्यासमोर उभं केलं.
"ठिपका दिसतो?"
"दिसतो."
"पलीकडचं पोतं?"
"धूसर."
"धूसरच दिसलं पाहिजे. नजर माशीवर ठेवायची,
समोरच्यावर नाही."
बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या.
बाहेर तांबट चहाला थांबले होते बहुतेक,
कारण घोडा पडल्याचा आवाज स्पष्ट आला. टिक्.
पुन्हा टिक्. सहा वेळा मोजलं मी.
हात खाली आला तेव्हा त्या जरा दमलेल्या दिसल्या,
जिना चढून आल्यावर दिसतात तेवढ्याच.

वहीत सही केली.
म्हणाल्या, उद्या पोलीस स्टेशनला जमा करायचंय,
आचारसंहिता लागली.
"अहो, मग निकालानंतर केलं असतं सावकाश.
आता तीन महिने तिथल्या कपाटात पडून राहणार."
"म्हणूनच," त्या म्हणाल्या.
"चिठ्ठीवर माझं नाव असेल,
आणि वस्तूवर त्यांचा अंगठा."
पिशवीत ठेवलं. वर कोथिंबीर.
"चामड्यात नको," मी मागून ओरडलो.
त्यांनी न वळता हात हलवला.

ज्यानं डाग उतरवला तो कागद
अजून बरा होता, एका कोपऱ्यातच काळा झालेला.
संध्याकाळी त्याच्यावरच
समोरच्या वैद्य आजींचा अडकित्ता घासून दिला.